बॉक्स्टर ९८६ : पी११२८ आणि पी११३० परत परत का येतात

पोर्शेच्या जुन्या बॉक्स्टरचा चेक इंजिन दिवा लागतो, स्कॅनर पी११२८ आणि पी११३० दाखवतो. कोड पुसला की काही दिवस दिवा गप्प बसतो आणि मग पुन्हा पेटतो. अशा गाडीवर पहिला घाव बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सरवर पडतो. मग एअरफ्लो सेन्सर बदलला जातो, मग इंजेक्टर साफ करून घेतले जातात. खर्च वाढत जातो आणि कोड तिथेच राहतो, कारण या दोन कोडांनी अमुक पार्ट खराब आहे असं कधी म्हटलेलंच नसतं. मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि ते सुधारण्याची माझी मर्यादा संपली, एवढंच इंजिनचा कंप्युटर सांगत असतो. मिश्रण का पातळ झालं हे शोधायचं काम आपलं.

ते शोधण्यासाठी लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती त्याच कंप्युटरमध्ये साठवलेली असते आणि दर वेळी कोड पुसताना आपण ती स्वतःच्या हाताने घालवून टाकतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : आकडे वाचून, लिहून ठेवल्याशिवाय कोड पुसू नका आणि बॅटरीही काढू नका.

इथे जे लिहिलं आहे ते १९९६ ते २००४ या काळात बनलेल्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे ९८६ मालिकेच्या बॉक्स्टरबद्दल आहे. तिचं एम९६ इंजिन त्याच काळातल्या ९९६ मालिकेच्या ९११ मध्येही आहे, त्यामुळे विचार करण्याची पद्धत तिथेही तीच. फक्त पार्टच्या जागा बदलतात.

कंप्युटर नेमकं काय मोजतो

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग इंधनाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एअरफ्लो सेन्सर आत येणारी हवा मोजतो, कंप्युटर त्या हिशोबाने इंजेक्टर उघडतो आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. सेन्सर ‘ऑक्सिजन उरलाय’ म्हणाला की इंधन थोडं वाढवायचं, ‘उरला नाही’ म्हणाला की कमी करायचं. ही दुरुस्ती सेकंदासेकंदाला चालू असते. तीच दुरुस्ती सारखी एकाच दिशेने करावी लागत असेल तर कंप्युटर ती कायमच्या हिशोबात धरतो. या कायमच्या हिशोबाला अॅडाप्टेशन म्हणतात आणि साध्या ओबीडी स्कॅनरवर तोच लाँग टर्म फ्युएल ट्रिम या नावाने दिसतो. ट्रिम अधिक म्हणजे इंधन वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय.

बॉक्स्टरच्या बॉश कंप्युटरमध्ये प्रत्येक बँकेसाठी, म्हणजे इंजिनच्या एकेका बाजूच्या तीन सिलिंडरांसाठी, असे दोन वेगवेगळे हिशोब असतात. एक बेरजेचा, जो आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, शिकला जातो. दुसरा गुणाकाराचा, जो चालत्या गाडीत, मध्यम लोडवर शिकला जातो. ड्युरामेट्रिकसारख्या पोर्शेसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ई-गॅसच्या (थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, केबलऐवजी विजेने उघडणाऱ्या), म्हणजे साधारण २००० पासूनच्या गाड्यांत बेरजेचा आकडा आरकेएटी या नावाने टक्क्यांत दिसतो आणि गुणाकाराचा एफआरए या नावाने. आरकेएटीचा आदर्श आकडा ० आणि एफआरएचा १.००. केबल थ्रॉटलच्या २.५ लिटर गाडीत बेरजेचा आकडा टीआरए नावाने मिलिसेकंदात येतो. एफआरए १.०८ असेल तर त्या बँकेला कंप्युटर ८ टक्के जास्त इंधन देतोय असा अर्थ.

दोन हिशोब वेगळे ठेवल्याचा फायदा उदाहरणाने कळतो. समजा थ्रॉटलनंतर, इंजिनच्या बाजूला कुठेतरी एक भेग आहे आणि तिच्यातून तासाला १ किलो हवा चोरून आत शिरते. गरम २.७ लिटर इंजिन आयडलला तासाला साधारण १३ ते १७ किलो हवा घेतं. म्हणजे ही चोरटी हवा तिथे ६-७ टक्के भरते. तीच गाडी रस्त्यावर तासाला १०० किलो हवा घेत असताना ती जेमतेम १ टक्का उरते. शिवाय थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो, त्यामुळे गळतीसुद्धा कमी होते. म्हणून हवेच्या गळतीची खूण बेरजेच्या हिशोबात दिसते आणि गुणाकाराचा हिशोब जवळजवळ निर्दोष राहतो.

एअरफ्लो सेन्सर हवा ८ टक्के कमी सांगत असेल किंवा इंधन पंपाचा दाब कमी पडत असेल तर चूक प्रमाणात वाढत जाते. ती एफआरएमध्ये उमटते आणि जितका लोड जास्त तितकी जास्त दिसते.

म्हणजे नुसता कोड आपल्याला ‘पातळ’ एवढंच सांगतो, पण हे चार आकडे (दोन बँका गुणिले दोन हिशोब) शोधाची दिशा ठरवून देतात. जो मेकॅनिक हे आकडे न बघता पार्ट सुचवतो तो अंदाज बांधतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे घेण्याची पद्धत

इंजिन पूर्ण गरम हवं, कूलंट ८० अंशांच्या वर. एसी बंद, हेडलाइट बंद. आधी फ्रीझ फ्रेम वाचून घ्या. कोड नोंदला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, वेग आणि कूलंटचं तापमान त्यात असतं. आयडलला, गरम इंजिनवर नोंद झाली असेल तर शोध अर्धा इथेच आटोपतो. नुकताच एकदाच दिसलेला दोष पेंडिंग यादीत असतो, कारण मिश्रणाचा दोष सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. म्हणून दिवा नसला तरी पेंडिंग यादी बघावी.

मग पाच मिनिटं आयडलला ठेवून दोन्ही बँकांचे लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म (सेकंदासेकंदाच्या दुरुस्तीचे) आकडे लिहा. दोघांची बेरीज हाच खरा ट्रिम. त्यानंतर २५०० आरपीएमवर एक मिनिट स्थिर धरून पुन्हा लिहा. शेवटी कोणीतरी शेजारी बसून स्कॅनर सांभाळत असताना चढावर, वरच्या गियरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलला नोंद घ्या.

आयडलला अधिक १४ आणि २५०० ला अधिक २ : हवेची गळती. आयडलला अधिक ३, २५०० ला अधिक ८, चढावर अधिक १४ : इंधनाचा दाब किंवा एअरफ्लो सेन्सर. आयडलला चक्क उणे आणि लोडवर अधिक : मळलेल्या हॉट फिल्म एअरफ्लो सेन्सरची ही जवळजवळ सही असते, कारण धूळ-तेलाचा थर बसला की तो कमी प्रवाहात हवा जास्त सांगतो आणि मोठ्या प्रवाहात कमी.

यात एक सूट द्यावी लागते. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकीत असेल तर इंजिनला मुळातच ३-४ टक्के जास्त इंधन लागतं. त्यामुळे अशा गाडीत एफआरए १.०३ दिसला म्हणून कुठलाही पार्ट शोधत बसायचं नाही.

नंतर बँका ताडून बघा. दोन्ही बँकांचे आकडे सारखे चढलेले असतील तर दोष दोघींच्या सामायिक वाटेवर आहे : एअरफ्लो सेन्सर, थ्रॉटलचा रबरी बूट, क्रँककेसची (इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या पोकळीची) हवा, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), पंप. एकीचाच चढला असेल तर दोष प्लेनमच्या (दोन्ही बँकांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) फाट्यानंतर त्या बाजूला आहे : रबरी स्लीव्ह, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरची ओ-रिंग, त्या बाजूची एक्झॉस्ट गळती किंवा सेन्सर. पी११२८ पहिल्या बँकेचा, पी११३० दुसरीचा. दोन्ही एकदम आले असतील तर एकाच वेळी दोन ऑक्सिजन सेन्सर बिघडले असण्याची शक्यता किती, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

क्रँककेसची चोरवाट

बॉक्स्टरमध्ये दोन्ही बँका आयडलला पातळ असतील तर मी सगळ्यात आधी क्रँककेसकडे बघायला सांगेन. इथेच बहुतेकांची दिशा चुकते, कारण तेलाच्या नळीचा हवेच्या मिश्रणाशी काय संबंध, हे पटकन लक्षात येत नाही.

इंजिन चालू असताना क्रँककेसमधली वाफ ऑइल सेपरेटरमधून (वाफेतलं तेल वेगळं करणाऱ्या डब्यातून) इनटेकमध्ये ओढली जाते. सेपरेटरमधला डायफ्रॅम क्रँककेसमध्ये हलका व्हॅक्यूम राखतो. याचा अर्थ असा की तेलाच्या झाकणाचं सील, डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग, तेल भरायची नळी, सेपरेटरखालची घडीची नळी, यांपैकी कशालाही भोक पडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेपरेटरमार्गे थेट प्लेनममध्ये पोचते. एअरफ्लो सेन्सरला तिचा पत्ताच नसतो.

तेल भरायची नळी या गाडीत डिकीतल्या झाकणापासून खाली इंजिनपर्यंत जाते आणि तिचा काही भाग घडीचा, प्लास्टिकचा आहे. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते प्लास्टिक कडक होतं आणि घड्यांच्या खोबणीत चिरतं. नळी सरळ असताना भेग मिटलेली राहते, म्हणून नुसत्या नजरेला ती दिसत नाही. नळी हाताने हलकेच वाकवून एकेक घडी उघडून टॉर्चच्या उजेडात बघावी लागते. भेगेभोवती तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ असते. बोट फिरवलं की ते ओलसरपण आधी जाणवतं, भेग मागून दिसते. भेगेवर टेप किंवा सीलंट लावून उपयोग नाही. तेलाच्या वाफेपुढे ते टिकत नाही आणि पुढच्या तपासात डोळ्यांना फसवतं. नळी बदलायची, तिच्या ओ-रिंगसकट.

सेपरेटरचा दोष दोन प्रकारचा. खालची घडीची नळी फुटली तर वर सांगितलेली गळती होते. ती नळी बघायला गाडी वर घेऊन खालून आरसा आणि टॉर्च लागतो. दुसरा प्रकार डायफ्रॅम फाटण्याचा. तेव्हा इनटेकचा पूर्ण व्हॅक्यूम क्रँककेसवर येतो, तेल ओढलं जातं आणि इंजिन सुरू करताना एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. थ्रॉटलमागे प्लेनममध्ये तेल साचलेलं सापडतं. अशा गाडीला फार काळ चालवू नये, कारण मोठ्या प्रमाणात तेल सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिनचं नुकसान होऊ शकतं.

याची पहिली चाचणी फुकट आहे. आयडलला इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करा. निरोगी इंजिनात हलकी ओढ जाणवते आणि झाकण काढताच इंजिन डगमगतं, ट्रिम चढतो. झाकण आतून खेचून धरल्यासारखं घट्ट बसलं असेल, सुटताना जोरात हवा शिरल्याचा आवाज येत असेल तर डायफ्रॅमवर संशय घ्या. झाकण काढूनही इंजिनच्या चालीत काहीच फरक पडला नाही तर ती बातमी जास्त वाईट : क्रँककेस आधीच कुठेतरी उघडं आहे.

आकड्यात हवं असेल तर जुन्या एका झाकणाला भोक पाडून त्यात नळीचा निपल बसवा आणि त्याला पारदर्शक नळीचा यू आकाराचा, पाणी भरलेला मॅनोमीटर जोडा. नळी लांब ठेवा आणि यू झाकणापेक्षा बराच खाली टांगा, नाहीतर व्हॅक्यूम जास्त असला तर पाणी इंजिनमध्ये जाईल. गरम इंजिनला आयडलवर दोन्ही बाजूंच्या पातळीत १० ते १५ सेंटिमीटर फरक दिसला तर सेपरेटर ठीक आहे. त्याहून बराच जास्त दिसला तर डायफ्रॅम गेला, आणि जवळजवळ शून्य दिसला तर गळती.

सेपरेटर बदलायला घेतलात तर खालची घडीची नळी आणि क्लॅम्प त्याच वेळी बदला. हात पोचायला अवघड जागा आहे, दोनदा तिथे जायची वेळ येऊ नये. वरच्या व्हेंट नळ्यांच्या प्लास्टिकच्या कपलिंगही जुन्या गाडीत सोडवताना तुटतात, त्या आधीच हाताशी असाव्यात.

इनटेकचे रबर आणि धुराची चाचणी

मागच्या काही महिन्यांत गाडीवर काय काम झालं, हे कोणत्याही तपासाआधी विचारायला हवं. थ्रॉटल बॉडी साफ केली, स्टार्टर किंवा अल्टरनेटर काढला, सेपरेटर बदलला आणि त्यानंतर कोड यायला लागला, तर नव्वद टक्के लक्ष त्या कामात हाताळलेल्या रबरांवर द्या. प्लेनमचा टी-आकाराचा तुकडा दोन्ही मॅनिफोल्डला रबरी स्लीव्हने जोडलेला असतो. बसवताना स्लीव्हची कड आत दुमडली की वरून क्लॅम्प घट्ट दिसतो आणि खालून बोटभर फट राहते. ती बाजू इंजिनच्या अंगाकडे असल्यामुळे दिसत नाही. तिथे बोटांनीच चाचपावं लागतं : पूर्ण गोलात रबराची कड एकसारखी लागली पाहिजे. जोडताना स्लीव्हला आतून किंचित सिलिकॉन स्प्रे मारला तर ती सरकून नीट बसते. ग्रीस नको.

इथपर्यंत पोचण्यासाठी बॉक्स्टरचं छत सर्व्हिस पोझिशनमध्ये, म्हणजे अर्धवट उचलून मागचा भाग मोकळा करून ठेवावं लागतं, मग कार्पेट आणि इंजिनचं वरचं झाकण निघतं. घाईने छत ओढून त्याची केबल तोडू नका.

लहान व्हॅक्यूम नळ्या हा वेगळाच त्रास. ब्रेक बूस्टरकडे जाणारी, दुय्यम हवेच्या व्हॉल्व्हची, इंधनाच्या दाबाच्या रेग्युलेटरची. त्यांच्या टोकांचे रबरी कोपरे तेलाने फुगून मऊ होतात आणि खाली गळून पडतात. २.५ लिटर गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्हची नळी यात धरा. पर्ज व्हॉल्व्ह बंद अवस्थेत हवा सोडत असेल तर तीही गळतीच. त्याची इंजिनकडची नळी काढून बंद केली आणि आयडलचा ट्रिम खाली आला तर दोष सापडला.

पण हे सगळं हाताने शोधत बसण्यापेक्षा धुराची चाचणी करावी असं मी आग्रहाने म्हणेन. स्मोक मशीनचा धूर एअरफ्लो सेन्सरच्या आधी, एअरबॉक्सच्या बाजूने सोडायचा, म्हणजे सेन्सरनंतरचा प्रत्येक जोड तपासला जातो. दाब अगदी कमी ठेवा, ३०-३५ मिलिबारच्या आत. त्याहून जास्त दाबाने सेपरेटरचा डायफ्रॅम आणि क्रँकची सील दुखावतात आणि नवीन गळती आपणच तयार करतो. धूर क्रँककेसमध्येही भरतो, म्हणून इंजिनच्या खोपीबरोबरच डिकीतलं तेलाचं झाकण, नळी, डिपस्टिक आणि गाडीची खालची बाजू बघा. सगळीकडे पोचायला त्याला काही मिनिटं लागतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही म्हणून मशीन बंद करू नका. पहिली चाचणी थंड इंजिनवर करा. रबर थंडीत आक्रसलेलं असतं, तेव्हा गळती मोठी असते. फ्रीझ फ्रेम गरम इंजिनची असेल तर गरम असतानाही एकदा करा.

चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघण्याची जुनी पद्धत या गाडीत मला पटत नाही. इंजिन मधल्या बंदिस्त खोपीत आहे, शेजारी तापलेले एक्झॉस्ट आहेत. आगीचा धोका खरा आहे, आणि शिवाय खालच्या बाजूच्या भेगांपर्यंत फवारा पोचत नाही.

एअरफ्लो सेन्सर

गळती नाही आणि एफआरए दोन्ही बँकांना चढलेला आहे, तर पाळी सेन्सरची. गरम आयडलला २.७ लिटर इंजिनात तासाला १३-१७ किलो, म्हणजे सेकंदाला साधारण ३.६ ते ४.७ ग्रॅम दिसावेत. मोठ्या लोडसाठी ठोकताळा असा की पूर्ण थ्रॉटलला, कमाल पॉवरच्या आरपीएमजवळ, सेकंदाला जितके ग्रॅम हवा त्याला ०.८ ने भागलं की ढोबळ हॉर्सपॉवर मिळते. २२० हॉर्सपॉवरच्या इंजिनात १७० ते १७५ ग्रॅमच्या आसपास अपेक्षित आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी हा आकडा १४० वर अडकत असेल आणि इंधन व्यवस्थित असेल, तर सेन्सर कमी सांगतोय.

ई-गॅस गाड्यांतल्या बॉशच्या एचएफएम५ सेन्सरची अजून एक चाचणी आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू, हवेचा प्रवाह शून्य : सिग्नल १.०० व्होल्टच्या अगदी जवळ असला पाहिजे. ०.०२ हून जास्त फरक असेल तर सेन्सर सरकला. मोजण्याआधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी तपासा. गंजलेल्या पट्टीवर ०.१ व्होल्टहून जास्त ड्रॉप असेल तर सगळेच सिग्नल खोटे वाटतात.

साफ करायचा असेल तर सेन्सरचा आतला भाग मधोमध भोक असलेल्या टॉर्क्स बिटने, बहुतेक टी२० ने, काढा. फक्त एअरफ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे वापरा. ब्रेक क्लीनरने त्याचा थर आणि प्लास्टिक दोन्ही खराब होतात. फिल्मला कापूस, ब्रश, बोट काही लागता कामा नये. पूर्ण सुकू द्या, मगच प्लग जोडा. तेल लावलेले कापडी फिल्टर वापरणाऱ्या गाड्यांत हा सेन्सर पुन्हा पुन्हा मळतो, तिथे आधी कागदी फिल्टर बसवलेला बरा.

नवीन घ्यायचा झाला तर केबल थ्रॉटलच्या गाडीचा सेन्सर ई-गॅसला आणि ई-गॅसचा केबलला चालत नाही. प्लग बसला म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. जुन्यावरचा पार्ट नंबर बघूनच मागवा, आणि स्वस्त नकला टाळा. त्यांची मोजणी मधल्या प्रवाहात भरकटते आणि मग तोच कोड नव्या सेन्सरसह परत येतो.

इंधन, आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन सेन्सर

इंधनाचा दाब गेजने मोजल्याशिवाय पंपावर आरोप करू नये. ज्या गाड्यांत रेलवर रेग्युलेटर आणि त्याला व्हॅक्यूमची नळी आहे, तिथे आयडलला सुमारे ३.३ बार आणि ती नळी काढल्यावर सुमारे ३.८ बार दाब हवा. नळी काढून तिच्यात पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटर फाटला. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणून दाब १० टक्के पडला तर इंधन ५ टक्के कमी होतं. एवढ्याने एकट्याने कोड येत नाही, पण थोड्या गळतीच्या जोडीला आलं तर येतो. जुन्या गाडीत असे दोन अर्धे दोष मिळून एक कोड तयार होणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून एक दोष सापडला तरी आकडे पुन्हा बघायचे. दाब आयडलला बरोबर आणि लोडवर पडत असेल तर फिल्टर किंवा थकलेला पंप. वेगळा फिल्टर असलेल्या आधीच्या गाड्यांत तो आधी बदला. पेट्रोलच्या लाइन उघडताना दाब सोडा, बॅटरी काढा, जवळ आग विझवण्याचं साधन ठेवा.

ऑक्सिजन सेन्सरला फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती असेल तर प्रत्येक स्पंदनाच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर तिला न जळलेला ऑक्सिजन समजतो. गंजलेले मॅनिफोल्डचे बोल्ट असलेल्या गाडीत, थंड इंजिनला टिकटिक आवाज आणि जोडाभोवती काजळी हीच खूण. दुसरी गोष्ट मिसफायरची. सिलिंडर पेटला नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. या इंजिनात इग्निशन कॉइलचं आवरण तडकतं आणि ओलाव्यात ठिणगी भरकटते. म्हणून पी०३०० किंवा त्याच्या घरातला मिसफायरचा कोड सोबत असेल तर आधी कॉइल आणि प्लग बघा.

पुढचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली झाला पाहिजे. तो खालीच पडून असेल तर एअर फिल्टरच्या तोंडाशी थोडा पेट्रोलियम गॅस, अर्थात कुठेही ठिणगी नसताना, सोडून मिश्रण मुद्दाम जाड करा. व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर गेलं तर सेन्सर जिवंत आहे आणि तो खरंच पातळ मिश्रण बघतोय. हललंच नाही तर तो मेला. एकाच बँकेचा कोड असेल तर दोन बाजूंचे पुढचे सेन्सर अदलाबदल करून बघता येतात : दोष बाजू बदलून गेला तर सेन्सर, जिथल्या तिथे राहिला तर गळती. मात्र जुन्या एक्झॉस्टमधून सेन्सर काढताना आटे उखडण्याची भीती असते. २२ मिलिमीटरचा चीर असलेला सॉकेट, एक्झॉस्ट कोमट असताना आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, एवढी तयारी हवीच.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसायचा आणि अॅडाप्टेशन शून्यावर आणायचं. जुने आकडे तसेच राहिले तर दुरुस्त झालेल्या इंजिनलाही काही काळ जास्त इंधन मिळत राहतं. स्कॅनरला ते जमत नसेल तर बॅटरी काढून होतं, पण त्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा. ई-गॅस गाडीत बॅटरी जोडल्यावर अॅक्सिलरेटरला पाय न लावता इग्निशन एक मिनिट चालू ठेवा, दहा सेकंद बंद करा आणि मग इंजिन सुरू करा. थ्रॉटल आपली बंद स्थिती त्यात शिकतो. हे केलं नाही तर आयडल वेडावाकडा राहतो आणि दुरुस्तीच फसली असं वाटतं.

नंतर पूर्ण गरम इंजिनवर दहा मिनिटं आयडल आणि मग अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने, मध्यम लोडवर गाडी चालवा. बेरजेचा हिशोब गरम आयडलशिवाय शिकलाच जात नाही, म्हणून नुसतं हायवेवर फिरून आलेल्या गाडीचा आरकेएटी शून्य दिसला तर त्याला पुरावा मानू नका. दोन्ही बँकांचा आरकेएटी शून्याच्या जवळ, एफआरए ०.९५ ते १.०५ मध्ये आणि दोघींमध्ये फार तफावत नाही, असे आकडे दोन-तीन थंड सुरुवातींनंतरही टिकले तर काम झालं. आकडे पुन्हा हळूहळू चढत असतील तर दिवा लागायची वाट न बघता धुराचं मशीन परत काढा. या वेळी आधी बदललेल्या पार्टचेच जोड तपासा, आणि ते घट्ट निघाले तर सुटून राहिलेला दुसरा अर्धा दोष बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी किंवा इंजेक्टरच्या ओ-रिंगांपाशी सापडतो.